भाऊबीज झाली की कोकणात

दिवाळीच्या सुटीत आठवडाभर कोकणात जायचे ठरले, की घरात चर्चा सुरू होते. उतरायचे कोठे, गाडी कोणाची, जेवणाची सोय काय? शाळेची सहल असेल तर एक परिपत्रक निघते. बस किती वाजता सुटणार, बरोबर काय काय आणायचे, वर्गणी किती, हे सारे त्यात व्यवस्थित छापलेले असते. पण ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो समुद्र त्या दिवशी किती वाजता कोठे असेल, एवढी एकच गोष्ट त्यात नसते.

विद्यार्थिमित्रांनो, समुद्र ‘कोठे असेल’ हे बोलणे तुम्हाला चमत्कारिक वाटले असेल. तर मग भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता अलिबागच्या किनाऱ्यावर उभे राहा. समोरच्या कुलाबा किल्ल्यापर्यंत ओली वाळू आणि खडक उघडे पडलेले दिसतील. माणसे चालत किल्ल्यात जात असतील, घोडागाडीही जात असेल. दुपारी दोनला त्याच जागी परत या. सकाळी घोडागाडी जेथून गेली तेथे आता पाणी असेल आणि किल्ला पुन्हा बेट झालेला असेल. समुद्राला वेळापत्रक आहे, आणि ते एस.टी.च्या वेळापत्रकापेक्षा पुष्कळच काटेकोर आहे. ते आधी पाहून बाकीची आखणी त्याभोवती केली, तर सहल निवांत होते. उलट केले तर किल्ल्यासमोर चार तास ताटकळावे लागते, आणि कधी कधी त्याहून फार वाईट घडते. त्याविषयी पुढे सांगणारच आहे.

हे वेळापत्रक मिळवायला कोठे जावे लागत नाही. घरातल्या भिंतीवर जी दिनदर्शिका टांगलेली असते, तिच्यात तारखेजवळ बारीक अक्षरांत तिथी छापलेली असते. तेवढी पुरे.

पाऊणपटीचा हिशेब

कोकणातल्या माणसांना एक तोंडी हिशेब ठाऊक असतो. आजची तिथी घ्या, तिची पाऊणपट करा. जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. चतुर्थीला तीन वाजता. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, हिशेब तोच. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी.

हा हिशेब बरोबर का येतो, हे पाहण्यासारखे आहे. तिथी म्हणजे काय? आकाशात सूर्य आणि चंद्र यांच्यामधले अंतर १२ अंशांनी वाढले, की एक तिथी झाली. अशा ३० तिथी मिळून ३६० अंश पुरे होतात आणि एक चांद्रमास होतो. आता पृथ्वी स्वतःभोवती २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एक अंश फिरायला तिला ४ मिनिटे लागतात. चंद्र १२ अंश पुढे सरकला असेल, तर त्याच्यासमोर पुन्हा येण्यासाठी पृथ्वीला १२ गुणिले ४, म्हणजे ४८ मिनिटे जास्त फिरावे लागेल. भरती चंद्राशी बांधलेली आहे. म्हणून प्रत्येक तिथीला ती ४८ मिनिटांनी पुढे जाते.

४८ मिनिटे म्हणजे तासाचा चार-पंचमांश भाग. तेव्हा तिथीला चाराने गुणून पाचाने भागणे अधिक योग्य. पाऊणपटीत आपण ४८ ऐवजी ४५ धरतो. होडी ढकलता ढकलता करायला तो हिशेब सोपा. पहिल्या तिथ्यांना दोहोंत फरक पडत नाही. पौर्णिमेला मात्र एक हिशेब सव्वाअकरा सांगतो आणि दुसरा बारा. या लेखात आपण चार-पंचमांशाचा हिशेब वापरू. दोन्ही अंदाजच आहेत, हे मात्र विसरू नका. प्रत्यक्षात भरती रोज सारख्याच मिनिटांनी पुढे जात नाही. उधाणाच्या सुमारास ती कमी सरकते, अष्टमीच्या सुमारास जास्त. त्यामुळे पाऊण तास इकडे-तिकडे सहज होतो. मिनिटांपर्यंत नेमकी वेळ हवी असेल, तर भारतीय सर्वेक्षण विभाग दर वर्षी भरती-ओहोटीची कोष्टके प्रसिद्ध करतो. आता ती माहिती भ्रमणध्वनीवरही मिळते.

आणखी एक गोष्ट. हा हिशेब आपल्या किनाऱ्याचा आहे; तो घेऊन कोलकात्याला जाऊ नका. चंद्र डोक्यावर आला की लगेच त्याच्याखाली पाणी फुगायला हवे असे पुस्तकातल्या आकृतीत दिसते. पण खऱ्या समुद्राला जमिनीच्या भिंती आहेत आणि त्याची खोली जागोजागी वेगळी आहे. पाण्याचा फुगवटा चंद्रामागे मोकळेपणाने धावू शकत नाही, तो लाटेसारखा किनाऱ्याकिनाऱ्याने सरकतो. कोणत्या बंदरात चंद्र माथ्यावर आल्यानंतर किती वेळाने भरती येणार, हे त्या बंदराच्या भूगोलावर ठरते. मुंबई-अलिबागच्या बाजूला तो वेळ असा काही जुळून आला आहे, की अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या आसपास येते. हा योगायोग आहे. पण कोळ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी त्याचा उत्तम उपयोग केला. आपल्या किनाऱ्यावर भरतीची लाट दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. म्हणून वेंगुर्ल्याला भरती अलिबागपेक्षा अर्ध्या ते एक तासाने आधी येते.

आता दिवाळीकडे वळू. दिवाळीची तारीख दर वर्षी बदलते, कधी ऑक्टोबरात तर कधी नोव्हेंबरात. तिथी मात्र बदलत नाही. लक्ष्मीपूजन अमावास्येला, भाऊबीज कार्तिक शुद्ध द्वितीयेला. म्हणजे भाऊबीजेनंतर निघालेल्या सहलीला समुद्राचे वेळापत्रक दर वर्षी तेच मिळणार! आम्ही भौतिकीची माणसे अशा आवर्तनांवर फार खूष असतो. एकदा आखलेली सहल तुमच्या धाकट्या भावंडांनाही जशीच्या तशी चालेल.

सूर्य लांब, म्हणून चंद्र वरचढ

आखणी करण्यापूर्वी आणखी एक प्रश्न सोडवायला हवा. पाणी किती वाजता ओसरेल हे कळले. पण किती ओसरेल?

भरतीला चंद्राबरोबर सूर्यही कारण आहे. सूर्याचे वस्तुमान चंद्राच्या सुमारे २ कोटी ७० लाख पट आहे आणि तो चंद्रापेक्षा सुमारे ३९० पट दूर आहे. गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. ३९० चा वर्ग दीड लाखाच्या थोडा वर. भागाकार करून पाहा, सूर्याची पृथ्वीवरील ओढ चंद्राच्या ओढीच्या जवळजवळ १८० पट भरते. मग भरती सूर्याच्या तालावर का येत नाही?

कारण भरती ओढीमुळे येत नाही, ती ओढीतल्या फरकामुळे येते. पृथ्वीची चंद्राकडची बाजू त्याला थोडी जवळ आहे, पलीकडची थोडी लांब. जवळच्या पाण्यावर ओढ जास्त, मधल्या पृथ्वीवर मध्यम, पलीकडच्या पाण्यावर कमी. त्यामुळे जवळचे पाणी पुढे येते आणि पलीकडचे मागे राहते. दोन्हीकडे फुगवटा दिसतो. म्हणूनच दिवसातून भरत्या दोन. हा फरक अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. तेव्हा त्या १८० ला आणखी एकदा ३९० ने भागा. उत्तर निम्म्याहून थोडे कमी येते. एवढा प्रचंड सूर्य, पण भरतीच्या कामात तो चंद्राच्या निम्माही नाही. भागाकार वहीत करूनच बघा. नुसते वाचून त्याची मौज कळत नाही.

अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत येतात, त्यांचे परिणाम मिळतात आणि पाणी खूप चढते व तितकेच खोल उतरते. हे उधाण. अष्टमीच्या सुमारास ते एकमेकांशी काटकोन करतात, एकाचा परिणाम दुसरा खोडतो, आणि चढ-उतार लहान होतो. त्याला भांगाची भरती म्हणतात. मुंबई-अलिबागकडे उधाणाच्या दिवसांत चढ-उतार साडेतीन-चार मीटर आणि मोठ्या उधाणाला त्याहूनही अधिक असतो. भांगात तो दीड मीटरच्या आसपास येतो. दक्षिणेकडे गोव्यापर्यंत जाता जाता उधाणाचाही फरक दोन मीटरच्या जवळपास उतरतो. उत्तरेकडे खंभातच्या आखातात, भावनगरला, तो दहा मीटरपर्यंत जातो. आखात निमुळते होत जाते आणि पाण्याला वर चढण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

सर्वांत मोठे उधाण नेमके अमावास्येला येत नाही, ते एक-दोन दिवस मागाहून येते. भाऊबीज आणि तृतीया हे त्याचे दिवस. यावरून आपल्या सहलीचा क्रम आपोआप ठरतो. जेथे पाणी खूप मागे हटायला हवे, ती ठिकाणे आधी. जेथे नुसते बसायचे आहे, ती शेवटी.

तृतीया ते पंचमी : ओहोटीची ठिकाणे

भाऊबीज आटोपून संध्याकाळी अलिबाग गाठा. पश्चिमेला द्वितीयेची कोर दिसेल. ती मावळायच्या आत समुद्र बराच मागे गेलेला असेल. दुसऱ्या दिवशी तृतीया. तीन गुणिले चार भागिले पाच म्हणजे दोन वाजून चोवीस मिनिटांनी भरती, आणि त्याच्या सव्वासहा तास आधी, सकाळी सव्वाआठच्या सुमारास, ओहोटी. सव्वासातला किनाऱ्यावर जा, तेथल्या माणसांना पाणी कसे आहे ते विचारा, आणि किल्ल्यात जा. नऊ वाजायच्या आत परतीच्या वाटेला लागा.

एवढी घाई का? पाणी चढायला सहा तास लागतात, मग दहा वाजता निघाले तर काय बिघडले? येथे खलाशांचा एक जुना नियम कामाला येतो. एकूण चढाचे बारा भाग करा. पहिल्या तासात एक भाग पाणी चढते, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. चढ ३.६ मीटर धरला तर पहिल्या तासात पाणी ३० सेंटिमीटरच चढेल. किनाऱ्यावरच्या माणसाला वाटेल, अजून ओहोटीच आहे. पण तिसऱ्या तासात ते ९० सेंटिमीटर चढेल. किनाऱ्याचा उतार पन्नासास एक असला, तर पाण्याची कड त्या एका तासात ४५ मीटर आत येईल. शिवाय पाणी सरळ रेषेत येत नाही. किनारा आणि किल्ला यांच्यामधला सखल भाग आधी भरतो. तुम्ही उंच खडकावर कोरडे उभे असता, आणि पाणी तुमच्या पाठीमागून तुमची वाट बंद करते. ज्यांनी ज्या-वक्ररेषेचा आलेख काढला आहे त्यांच्या लक्षात येईल, की हा १-२-३-३-२-१ चा नियम म्हणजे ती वक्ररेषाच. टोकांशी ती सपाट असते आणि मध्यावर उभी.

अलिबागला दुपारी एक वास्तू बाहेरून तरी पाहून घ्या. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी पूर्वी मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत होत असे. शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या विद्युतप्रवाहामुळे नाजूक उपकरणांचे काटे हलणार हे उघड होते. म्हणून डॉ. नानाभाई मूस यांनी ही चुंबकीय वेधशाळा अलिबागला उभारली. इमारतीत लोखंड टाळले आणि १९०४ पासून येथे नोंदी सुरू झाल्या. दोन वर्षे मुंबई आणि अलिबाग येथे एकाच वेळी मोजमाप करून दोन्हींचा मेळ बसवला गेला. ट्राम आल्या १९०७ साली आणि १९६४ साली त्या बंदही झाल्या. अलिबागच्या नोंदी आजही चालू आहेत.

संध्याकाळी मुरूडला जा. पन्नासेक किलोमीटरचा रस्ता आहे. चतुर्थीला सकाळी लवकर राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला जायचे. लवकर का, याचे उत्तर आठवीतल्या पुस्तकात आहे. वाळूचा विशिष्ट उष्मा पाण्याच्या सुमारे पंचमांश असतो. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हे मतलई वारे. सकाळी ते पडतात आणि पाणी शांत असते. ऊन चढले की जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्राकडून खारे वारे सुरू होतात. दुपारी तीनला हेच पाणी चांगलेच खळबळलेले असते. पुस्तकात एका आकृतीत संपणारा धडा शिडाच्या होडीत अर्ध्या तासात अंगी लागतो.

याच मुरूडच्या किनाऱ्यावर १ फेब्रुवारी २०१६ रोजी सहलीला आलेल्या महाविद्यालयीन मुलामुलींपैकी डझनाहून अधिक जण बुडाले. त्या दिवशी पौष कृष्ण अष्टमी होती. आपल्या हिशेबाने ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास आणि भरती संध्याकाळी सहानंतर, म्हणजे दुपारभर पाणी चढते. अष्टमी म्हणजे भांग, चढ-उतार लहान. हे येथे मुद्दाम सांगतो, कारण भांगाचा समुद्र निरुपद्रवी असतो असे कोणी मानू नये. चढ-उतार लहान असला तरी बुडण्याला मीटरभर पाणी आणि एक जोरदार ओघ पुरतो.

तो ओघ ओळखायला शिका. लाटा सतत पाणी किनाऱ्यावर आणून टाकतात. ते पाणी कोठून तरी परत जायलाच हवे. वाळूच्या बुडलेल्या बांधात जेथे खिंड असते तेथून ते अरुंद प्रवाहाने वेगाने समुद्राकडे परतते. शास्त्रज्ञ याला रिप प्रवाह म्हणतात. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात, मध्ये एका पट्ट्यात मात्र फेस नाही, पाणी काळसर आणि शांत दिसते. नवख्या माणसाला पोहायला हीच जागा बरी वाटते! या प्रवाहाचा वेग कधी कधी सेकंदाला दोन मीटरपर्यंत जातो. ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर जिंकणारा पोहणारा सुमारे ४७ सेकंद घेतो, म्हणजे त्याचाही वेग दोन मीटरच्या किंचितच वर. तेव्हा त्या ओघाशी झुंजून सरळ किनाऱ्याकडे येणे कोणालाच शक्य नाही. पण प्रवाह अरुंद असतो. त्यात सापडल्यास अंग सैल सोडून तरंगत राहायचे, हात वर करून मदत मागायची, आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघायचे. पोहता येत नसेल त्याने गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊच नये. बुडणाऱ्याला वाचवायला न पोहणाऱ्यांनी साखळी करून उतरू नये. दोरी, रिकामा डबा, फुगवलेली ट्यूब, जे तरंगेल ते फेकावे. सहलीबरोबर जाणाऱ्या शिक्षकांना विनंती, की बसमध्ये गाण्यांच्या भेंड्या सुरू होण्यापूर्वी पाच मिनिटे हे सांगा, आणि मुलांकडून पाटीवर त्या दिवसाची भरती काढून घ्या.

चतुर्थीलाच दुपारी आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला उतरा आणि मुक्कामाला हरिहरेश्वर गाठा. पंचमीला ओहोटी पावणेदहाच्या सुमारास. चंद्र रोज तुम्हाला जवळजवळ पाऊण तास जास्त झोपू देतो आहे, हे लक्षात आले ना?

हरिहरेश्वरची समुद्राकडून घालायची प्रदक्षिणा हा या सहलीतला सर्वांत सुंदर आणि सर्वांत फसवा तास. मंदिरामागे पायऱ्या खाली उतरतात आणि लाटांनी कापून काढलेला खडकाचा सपाट ओटा लागतो. भरतीला तो पाण्याखाली असतो. कड्याला पडलेले कोनाडे, गुहा आणि मधाच्या पोळ्यासारखी छिद्रे पाहा. समुद्राचे तुषार खडकाच्या सूक्ष्म फटींत शिरतात, पाणी वाळते, मिठाचे स्फटिक वाढतात आणि खडकाचे कण उचकटून टाकतात. वर्षानुवर्षे हेच चाललेले असते.

येथे ओहोटीच्या वेळेलाही माणसे लाटेने ओढली गेली आहेत. सगळ्या लाटा सारख्या नसतात. दूरदूरच्या वाऱ्यांनी उठवलेल्या निरनिराळ्या लाटांच्या रांगा एकमेकींत मिसळतात. एकीचा माथा दुसरीच्या खळग्यावर आला, की समुद्र शांत वाटतो. माथ्यावर माथा आला, की एकाएकी मोठी लाट उभी राहते. तरंगांचा अध्यारोप म्हणून आम्ही वर्गात फळ्यावर काढतो तोच हा. काही लाटा तर हिंदी महासागराच्या पार दक्षिण टोकाकडील वादळांत जन्मून येतात, आणि त्या येतात तेव्हा आपल्याकडे वाऱ्याची झुळूकही नसते. म्हणून पायऱ्यांवर उभे राहून आधी दहा मिनिटे नुसते पाहा. सर्वांत मोठी लाट कोठपर्यंत येते ते हेरा, आणि ओल्या खडकाच्या बाहेरच्या कडेकडे जाऊ नका. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उंच लाटांचे इशारे देते. तो दिवस तसा असेल तर प्रदक्षिणा वरूनच पाहावी. कार्तिकात अरबी समुद्रात वादळेही होतात. ‘फयान’ ११ नोव्हेंबर २००९ ला याच किनाऱ्यावर आले होते. तिथीच्या हिशेबात वारा नसतो, म्हणून हवामान खात्याचा अंदाज निघण्यापूर्वी ऐकावाच.

उरलेला पंचमीचा दिवस काहीही करू नका. जेवा, झोपा, संध्याकाळी सूर्यास्त पाहा. एका दिवसात चार ठिकाणे ‘उरकणारी’ मंडळी मला कधीच समजली नाहीत.

षष्ठीनंतर

यापुढे घड्याळाची गरज कमी होते. षष्ठीला बागमांडल्याहून फेरीबोटीने वेश्वीला उतरायचे. जवळच वेळास. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे येथे अंडी घालतात आणि चिपळूणची सह्याद्री निसर्गमित्र ही संस्था व गावकरी मिळून त्यांचे संरक्षण करत आले आहेत. दिवाळीत मात्र पिल्ले दिसणार नाहीत. ती साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात बाहेर पडतात. ज्यांना ती पाहायची असतील त्यांनी हीच सहल होळीनंतर काढावी. होळी पौर्णिमेला आणि रंगपंचमी कृष्ण पंचमीला, म्हणजे तिथ्यांचा हिशेब पुन्हा जसाच्या तसा! घरट्यातील वाळूच्या तापमानावर पिल्लू नर होणार की मादी हे ठरते. वाळू अधिक ऊबदार असली तर माद्या अधिक.

सप्तमीला केळशीवरून हर्णै. तेथे मासळीचा लिलाव पाहा. भाव ऐकताना आकड्यांचा वेग आवरत नाही. समोर सुवर्णदुर्ग आहे. अष्टमीला दाभोळहून वाशिष्ठीची खाडी फेरीबोटीने ओलांडून धोपाव्याला, आणि तेथून गुहागर. या फेरीबोटींमध्ये खाजगी गाड्याही चढतात, पण त्या चालू आहेत ना याची आदल्या दिवशी चौकशी करावी. खाड्यांवर पूल बांधण्याचे बेत चालू आहेत, आणि पूल झाले की बोटी राहतील न राहतील.

खाडीच्या तोंडाशी बोटीत उभे असताना नकाशा उघडून एक कोडे घाला. आपल्या किनाऱ्याची लांबी किती? भारताचा किनारा ७,५१६ किलोमीटरचा असे आपण पाठ केले. अलीकडे तो नव्याने मोजला तेव्हा ११,०९८ किलोमीटर भरला. किनारा वाढला नाही. मोजपट्टी बारीक झाली. मोठ्या पट्टीने मोजले तर खाड्या आणि कोपरे सुटतात, लहान पट्टीने मोजले तर तेही धरले जातात. कोकणात दोन गावे कावळ्याच्या उड्डाणाने जवळ असतात आणि रस्त्याने अर्धा दिवस लागतो, तो याच कोपऱ्यांमुळे.

मालवणपर्यंत जाण्याचा मोह या सहलीत आवरा. ती वेगळी आठ दिवसांची सहल आहे. सिंधुदुर्गात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींना चहूकडे खारे पाणी असूनही गोडे पाणी कसे, हा प्रश्न तोपर्यंत डोक्यात घोळवा. गोड्या पाण्याची घनता १ आणि समुद्राच्या पाण्याची १.०२५, एवढी सूचना देऊन ठेवतो.

गुहागरचा किनारा लांब आणि मोकळा आहे. अष्टमी-नवमी तेथेच काढा, आणि एक प्रयोग करा. चढते पाणी मोजायचे असल्याने दुपारी ओहोटी उलटल्यावर सुरुवात करा. किनाऱ्याच्या वरच्या अंगाला, जेथे भरती पोचत नाही अशा जागी एक काठी रोवा. तेथून पाण्याच्या कडेपर्यंतचे अंतर दर अर्ध्या तासाने दोरीने मोजा. एकच लाट धरू नका, दहा लाटा पाहून सरासरी घ्या. अंतर आणि वेळ यांचा आलेख काढा. बारा भागांचा नियम त्यात उतरतो का? उतार सगळीकडे सारखा नसेल तर आलेख कोठे बिघडेल?

दोरी ओढणारे मित्र कंटाळले, की त्यांना दक्षिणेकडे पाहायला सांगा. सूर्य मावळत असेल आणि अर्धा चंद्र आपल्या सर्वांत उंच जागी असेल. पाणी तुमच्या काठीच्या दिशेने शेवटचे काही मीटर चढत असेल. घड्याळ पाहा. सहा वाजून चोवीस मिनिटे हा आपला हिशेब होता. गुहागर अलिबागच्या दक्षिणेला आहे. तेव्हा भरती त्याआधी आली की नंतर, आणि किती मिनिटांनी, ते वहीत लिहून ठेवा.